उद्योजकतेच्या प्रमाणपत्राचे मोल किती?

वकिली करण्यासाठी सनद लागते, औषधांच्या दुकानासाठी नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. मात्र जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय किंवा छोटा छापखाना सुरू करताना ‘उद्योजकता’ शिकल्याचा पुरावा कोणी मागत नाही. तरीही अशा अभ्यासक्रमांना मागणी आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेपासून वर्षभराच्या पदविकेपर्यंत आणि विनामूल्य वर्गांपासून लाखाच्या घरातील शुल्कापर्यंत ही बाजारपेठ पसरलेली आहे. नोकरी सोडून व्यवसायात उतरू पाहणाऱ्याच्या हाती भांडवल आधीच मर्यादित असते. म्हणूनच या कागदाच्या मोबदल्यात नेमके काय पदरात पडते, याचा हिशेब आधी मांडायला हवा.

या प्रमाणपत्राचे रुपयांत मोल करता येते असे ठळक उदाहरण म्हणजे २००८ मध्ये सुरू झालेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. या योजनेच्या २०२२ च्या सुधारित नियमांनुसार पाच लाख रुपयांहून मोठ्या प्रकल्पासाठी किमान दहा दिवसांचे उद्योजकता प्रशिक्षण आवश्यक ठरविण्यात आले. समजा, सर्वसाधारण गटातील एखाद्या तरुणाने शहरात दहा लाखांचा उत्पादन प्रकल्प उभारायचे ठरविले. त्याने स्वतःचे एक लाख घालायचे, नऊ लाख बँक देणार आणि अनुदान १५ टक्के, म्हणजे दीड लाख रुपये. अर्जदार महिला असेल तर स्वतःचा वाटा ५० हजारांवर येतो आणि अनुदान अडीच लाख होते. हाच प्रकल्प तिने ग्रामीण भागात उभारला तर साडेतीन लाख.

दुसऱ्या बाजूला खर्च आहे तो दिवसांचा. महिना ३० हजार पगार असलेल्या माणसाचे दहा दिवस बिनपगारी गेले, तर दहा-बारा हजारांचा फटका बसतो. दीड लाखासमोर ही रक्कम किरकोळ वाटते. परंतु येथेच अनेकांची गल्लत होते. बँकेची मंजुरी हा या साखळीतील निर्णायक दुवा आहे. कर्ज नाकारले गेले, तर दहा दिवसांच्या त्या प्रमाणपत्राला अनुदानाच्या दृष्टीने काहीही किंमत उरत नाही. शिवाय अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत मुदत ठेवीच्या रूपाने राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या रकमेच्या कर्जावर व्याज आकारलेही जात नाही. उद्योग प्रत्यक्ष चालू असल्याची पडताळणी झाल्यावर ते कर्जात जमा होते. व्याजदर ११ टक्के धरला, तर दीड लाखावर वर्षाला साडेसोळा हजार रुपये वाचतात. तेव्हा ‘प्रमाणपत्र घ्या, अनुदान मिळवा’ अशी जाहिरात करणारे अर्धीच गोष्ट सांगत असतात.

एक खुलासा येथे आवश्यक आहे. ‘उद्यम’ नोंदणीचे प्रमाणपत्र ही वेगळी बाब आहे. जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य होते आणि तिच्यासाठी कोणताही अभ्यासक्रम लागत नाही. ती करून देण्यासाठी हजारो रुपये मोजणे हा निव्वळ अपव्यय होय.

मग वर्गात शिकण्यासारखे काही असते की नाही? असते, आणि ते प्रामुख्याने खेळत्या भांडवलाच्या हिशेबात असते. नवा उद्योजक यंत्राची किंमत काळजीपूर्वक काढतो, पण उधारीत अडकणारा पैसा विसरतो. महिन्याला दोन लाखांचा माल जात असेल आणि ग्राहक साठ दिवसांनी पैसे देत असतील, तर विक्रीचे चार लाख रुपये सतत बाहेर राहतात. कच्चा माल, पगार आणि वीजबिल मात्र थांबत नाही. नफ्यात दिसणारा उद्योग अशाच वेळी बुडतो. चांगला प्रशिक्षक हे गणित प्रशिक्षणार्थीकडून त्याच्याच प्रकल्प अहवालात करून घेतो. तयार अहवाल हाती ठेवणारा वर्ग या बाबतीत निरुपयोगी.

प्रशिक्षणाने नफा वाढतो का, याची पद्धतशीर तपासणीही झाली आहे. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात १५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हिशेब, विपणन अशा ठरावीक विषयांच्या प्रशिक्षणाचा नफ्यावर ठोस म्हणावा असा परिणाम आढळला नाही. पुढाकार, संधीचा शोध आणि अडचणींवर मात यांवर भर देणाऱ्या प्रशिक्षणाने मात्र नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. अहमदाबादच्या ‘सेवा’ बँकेच्या ग्राहक महिलांना केवळ दोन दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले, तेव्हा मैत्रिणीसोबत आलेल्या महिलांनी पुढे व्यवसायासाठी अधिक प्रमाणात कर्ज घेतले आणि त्यांच्या घरचे उत्पन्नही वाढलेले दिसले. या दोन्ही ठिकाणी फरक पडला तो प्रमाणपत्राच्या वजनामुळे नव्हे. एकटीने पाऊल टाकण्यापेक्षा बरोबर कोणी असले की धीर येतो, हे शहरातील महागड्या अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकात सहसा नसते.

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रासारखी शासनपुरस्कृत संस्था राज्यात १९८८ पासून असे वर्ग घेत आली आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये ग्रामीण तरुणांना निवास-भोजनासह विनामूल्य प्रशिक्षण मिळते आणि त्यानंतर दोन वर्षे पाठपुरावाही केला जातो. खासगी संस्थेकडे जाताना हा पाठपुरावा तिच्याकडे आहे का, मागील तुकड्यांतील किती जणांचे उद्योग आज चालू आहेत आणि त्यांना प्रत्यक्ष भेटता येईल का, हे विचारण्यात संकोच करू नये. उत्तर टाळले गेले, तर ते उत्तरच समजावे. शुल्क ६० हजार असेल आणि व्यवसायात विक्रीवर दहा टक्के निव्वळ नफा राहत असेल, तर केवळ ते भरून काढण्यासाठी सहा लाखांची जादा विक्री करावी लागते. वर उल्लेखिलेल्या दहा लाखांच्या प्रकल्पात तरुणाने स्वतः घालायचा वाटा एक लाखाचा होता. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम पहिले यंत्र येण्याआधीच संपलेली असते.