मूत्रपिंड, हाडे आणि फॉस्फरस

मूत्रपिंडाचा जुनाट आजार वाढू लागला की रक्तातील जादा फॉस्फरस बाहेर टाकणे जड जाते. पहिली हालचाल होते ती हाडांत. तिथल्या पेशी एफजीएफ-२३ हे संप्रेरक जास्त सोडतात. मूत्रपिंडातल्या उरलेल्या गाळण्या त्याच्या जोरावर लघवीवाटे फॉस्फरस काढत राहतात. म्हणूनच सुरुवातीची वर्षे रक्ततपासणीत फॉस्फरस ठीक दिसतो, आणि हीच गोष्ट फसवी आहे. कारण हेच संप्रेरक मूत्रपिंडात तयार होणारे सक्रिय ड जीवनसत्त्व घटवते. मग आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, आणि गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी जास्तीचे संप्रेरक सोडून हाडांतले कॅल्शियम ओढून घेतात. हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते.

म्हणून आहारातल्या फॉस्फरसचे पथ्य पाळावे लागते. बेंगळुरूत पथ्याचा विषय निघाला की रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचा गोळा, येणारच. नाचणीत फॉस्फरस आहे, पण त्यातला बराचसा फायटेटच्या रूपात असल्याने पुरता शोषला जात नाही. कोला पेये आणि डबाबंद मांसातला मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा रक्तात उतरतो. आधी तो टाळावा. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणासोबतच घ्याव्या लागतात, कारण त्यांचे काम आतड्यात, अन्नाबरोबरच होते.