आरसा आणि कुलूप

पेढीची खतावणी दोन प्रतींत लिहिली, तर एक प्रत वाळवीनें खाल्ली तरी व्यवहार अडत नाहीं. आणि ती तिजोरींत ठेवली, तर चोराला वाचतां येत नाहीं. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्यें हीं दोन्ही कामें एकदम साधतां येतात.

पहिलें काम आरशाचें. ही युक्ति जुनीच. १९८८ सालीं पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं आपल्या ‘रेड’विषयक निबंधांत तिला पहिल्या पायरीचें स्थान दिलें. एका डिस्कवर लिहिलेलें अक्षर तत्क्षणींच दुसरीवरही उमटतें. दुसरें काम कुलुपाचें. ‘लक्स’ ही त्याची रीत २००४ सालची. तींत मजकूर एका गुप्त किल्लीनें कूटरूप होतो, व ती किल्ली परवलीच्या वाक्यानें बंद करून डिस्कच्या आरंभीं, शीर्षभागांत, ठेवलेली असते. म्हणून वाक्य बदललें तरी सारी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाहीं.

आधीं आरसा करावा व त्यावर कुलूप घालावें. म्हणजे कूटलेखनाचे श्रम एकदांच पडतात. बीटीआरएफएस आपला आरसा आपणच करते, तेथें मात्र प्रत्येक डिस्कला निराळें कुलूप लागतें.

खरी अडचण मूळ फाइलव्यवस्थेची. तिजोरी उघडण्याचें साधनच तिजोरींत कोंडलें, तर ती उघडावी कोणीं? यास्तव आरंभाचा लहानसा भाग उघडाच ठेवतात. तो जागा होऊन वाक्य विचारतो. यंत्राच्या फर्मवेअरला लिनक्सचा आरसा समजत नाहीं, म्हणून तिचा ईएफआय विभाग दुसऱ्या डिस्कवरही स्वतंत्रपणें तयार करावा लागतो. पुष्कळ जाणते लोक नेमके येथेंच चुकतात: पहिली डिस्क मरते, मजकूर शाबूत असतो, आणि यंत्र कांहीं उठत नाहीं! म्हणून काम सोंपविण्यापूर्वीं एकेक डिस्क काढून यंत्र सुरू होतें कीं नाहीं हें पाहावें. मात्र ती परत जोडल्यावर दोन्ही प्रती जुळेपर्यंत दुसरीस हात लावूं नये. मध्यरात्रीं वीज जाऊन आल्यास वाक्य लिहावयास तेथें कोणी नसतें. त्याकरितां आरंभाच्या भागांतच ‘ड्रॉपबेअर’ बसवून दुरून वाक्य देण्याची सोय करतात.

चालू यंत्र चोरट्या प्रोग्रामच्या हातीं गेलें, तर हें कुलूप निरुपयोगी. तेव्हां तें उघडेंच असतें. आरसाही चूक तितक्याच इमानानें उमटवितो. शीर्षभागावर भलतें कांहीं लिहिलें गेलें, तर तें दोन्ही डिस्कांवर जातें, आणि मग वाक्य मुखोद्गत असूनही मजकूर कायमचा बुडतो. म्हणून ‘क्रिप्टसेटअप’नें शीर्षभागाची प्रत घेऊन ती अन्यत्र जपावी. परवलीचें वाक्य बदलल्यास नवी प्रत घ्यावी व जुनी नष्ट करावी, कारण जुन्या प्रतीला जुनें वाक्य लागूच असतें.