शर्यतीचा कर्ता कोण?
शर्यतीच्या व्हिडिओ खेळांचे गुणदोष : एक वाक्यविचार

शर्यतीच्या व्हिडिओ खेळांची तुलना करताना बहुधा एकच कसोटी लावली जाते : अमुक खेळ खऱ्या शर्यतीच्या किती जवळ जातो? ही कसोटी वरवर निर्विवाद वाटते. परंतु 'खरी शर्यत' म्हणजे कोणती, हा प्रश्न तिच्यात अध्याहृतच राहतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून येणाऱ्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी मोटारींची शर्यत प्रत्यक्ष पाहिलेली नसते. त्यांनी पाहिलेली शर्यत बैलगाड्यांची. तेव्हा या खेळांचे गुणदोष पाहावयाचे, तर त्या शर्यतीशी ताडून का पाहू नयेत? प्रस्तुत लेखात तसा एक प्रयत्न केला आहे. त्यासाठी वापरलेले साधन भाषाभ्यासकाच्या नित्य परिचयाचे आहे : वाक्याचा कर्ता.

खटाव, माण आणि आटपाडी या भागांतील काही विद्यार्थी संध्याकाळी एकत्र जमून असे खेळ खेळतात. त्यांचे बोलणे प्रस्तुत लेखकाने काही दिवस कान देऊन ऐकले. निरीक्षण थोड्या जणांपुरते आहे. त्यावरून मोठा सिद्धांत मांडण्याचा हेतू नाही. परंतु एक गोष्ट लगेच ध्यानात आली. हीच मुले बैलांच्या शर्यतीविषयी बोलतात तेव्हा कर्ता एक असतो, आणि पडद्यावरील शर्यतीविषयी बोलतात तेव्हा दुसरा.

प्रथम बैलगाडीची शर्यत घेऊ. या दोन जिल्ह्यांत सपाट मैदानावर शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून अनेक गाड्या एकदम सुटतात आणि गटागटांतून अंतिम फेरीकडे जातात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील घाटात मात्र एका वेळी एकच गाडी पळते व तिची शर्यत घड्याळाशी असते. पद्धत कोणतीही असो, बोलताना 'बैल पळाला' असेच म्हणतात. गाडीवान 'पळाला' असे कोणी म्हणत नाही. तो बैल 'पळवितो'. 'पळविणे' हे प्रयोजक क्रियापद आहे. त्यात करविणारा एक आणि प्रत्यक्ष करणारा दुसरा, असे दोघे गृहीत असतात. करणाऱ्याने मनावर घेतले नाही, तर करविणाऱ्याचे काही चालत नाही. 'बैलं ऐकत न्हाईत' या वाक्यात हीच कबुली आहे. शर्यतीच्या शब्दसंग्रहाचा भारही बैलावरच असतो. 'आदत', 'दुसा', 'चौसा' हे भेद बैलाच्या दातांवरून, म्हणजे वयावरून पडतात. गाडीला 'छकडा' हे एक नाव पुरते.

या शर्यतीचा न्यायालयीन इतिहासही एका अर्थी कर्त्याच्या प्रश्नाचाच इतिहास आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. बैलाची शरीररचना व स्वभाव अशा शर्यतीस अनुकूल नाहीत, असे तेथे मानले गेले. बैल 'पळतो', की त्याला 'पळावे लागते', असा तो प्रश्न होता. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. त्यानंतरही मूळ नैतिक प्रश्न सर्वांच्या दृष्टीने मिटला आहे, असे म्हणता येणार नाही. येथे एवढेच नोंदवावयाचे की, या शर्यतीत दोन इच्छाशक्ती असतात ही गोष्ट तिचे समर्थक आणि विरोधक दोघेही मान्य करतात.

आता पडद्याकडे वळू. जपानच्या नाम्को कंपनीचा 'पोल पोझिशन' (१९८२) आणि सेगा कंपनीचा 'आउट रन' (१९८६) हे या प्रकारातील दोन आद्य आणि प्रभावी खेळ होत. पहिल्यात फुजी येथील धावमार्गावर आधी पात्रता-फेरी व मग प्रतिस्पर्ध्यांशी शर्यत असते. दुसऱ्यात प्रतिस्पर्धी जवळजवळ नाहीतच. घाटातील बारीप्रमाणे सामना वेळेशी असतो, आणि वाटेला फाटे फुटत जातात. दोहोंचा गुण तात्कालिकता हा होय. खेळ एका मिनिटात समजतो आणि वेगाची झिंग ताबडतोब येते. रॉजे काय्वा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे चार वर्ग कल्पिले. त्यांपैकी भोवळीचा अंश येथे प्रधान आहे. दोष असा की, चुकीची किंमत नगण्य आहे. 'पोल पोझिशन'मध्ये गाडी फलकावर आदळून पेटते आणि क्षणात नवी गाडी हजर होते. 'आउट रन'मध्ये ती कोलांट्या खाऊन पुन्हा उभी राहते. या जातीचे खेळ खेळताना मुले 'मी आदळलो', 'मी उलटलो', 'मी पुढे गेलो' असे बोलतात. गाडी हा शब्द वाक्यातून गळून पडतो. तिला स्वतःचा स्वभावच नसल्यामुळे तिला वेगळे कर्तेपण देण्याचे कारण उरत नाही.

'रोड रॅश' (१९९१) या मोटारसायकलींच्या खेळात या अभेदाला एक मार्मिक अपवाद सापडतो. स्वार पडला की तो एकीकडे आणि गाडी दुसरीकडे फेकली जाते. मग त्याला धावत जाऊन गाडी गाठावी लागते. त्याबरोबर 'मी इकडे पडलो, गाडी तिकडे राहिली' असे दोन कर्ते एका वाक्यात येतात. प्रतिस्पर्ध्यांना गुद्दे व दांडके मारण्याची मुभा हा या खेळाचा दोष म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. परंतु अपघातानंतरची ही धाव त्याच काळातील अधिक सभ्य खेळांत आढळत नाही, हेही सांगितले पाहिजे.

'सुपर मारिओ कार्ट' (१९९२) या खेळात मागे पडलेल्याला अधिक प्रभावी अस्त्रे मिळतात. नवशिक्या आणि कसलेला खेळाडू यांना एकत्र बसता यावे, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे, आणि कुटुंबात खेळण्यास तो उपकारकच ठरतो. परंतु येथे स्पर्धेत दैवाची भर पडते, व कौशल्याचे फळ अनिश्चित होते. हरलेला मुलगा म्हणतो, 'मला कासव लागले'. कर्ता आता ना खेळाडू, ना गाडी.

याच्या उलट टोकाला वास्तवानुकारी खेळ आहेत. काझुनोरी यामाउची यांच्या 'ग्रान तुरिस्मो'ने (१९९७) सुमारे १४० मोटारी, त्यांच्यातील यांत्रिक फेरबदल आणि परवाना-परीक्षा आणल्या. येथे शब्दसंग्रहाचा भार गाडीवर आला, जसा मैदानात तो बैलावर असतो. पुढे 'आयरेसिंग'ने (२००८) धावमार्गांची लेसरने मोजणी केली आणि बेदरकार चालकाची सुरक्षा-श्रेणी घटविण्याची व्यवस्था केली. 'असेटो कोर्सा'ने (२०१४) टायरच्या वर्तनाकडे बारकाईने लक्ष पुरविले. हे खेळ खेळताना बोलणे पालटते : 'गाडी मागून सुटली', 'टायर धरत नाहीत', 'पुढचे चाक ऐकत नाही'. 'ऐकत नाही' हे बैलांचे क्रियापद चाकाला लागावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र या खेळांना देता येणार नाही. त्यांतून मिळणारे ज्ञान काही अंशी रस्त्यावर उतरते, यालाही पुरावा आहे. 'ग्रान तुरिस्मो'च्या खेळाडूंतून २०११ साली निवडला गेलेला यान मार्डनबरो २०१३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला.

दोष येथेही आहेत. उत्तम चक्र व पायपट्ट्या यांना बराच खर्च येतो. शिकण्यास काळ लागतो. आणि पहिल्या 'ग्रान तुरिस्मो'त गाडीला इजाच होत नसल्यामुळे भिंतीला घासून वळण घेण्याची युक्ती चालून जाई. 'ग्रिड' (२००८) या खेळाने तर अपघातापूर्वीच्या क्षणी परत जाण्याची सोय दिली. शिकणाऱ्याला ती उपयुक्त आहे, कारण तेच वळण पुन्हा तपासता येते. परंतु तिच्यामुळे भूतकाळाचे क्रियापदच रद्द होते. 'आदळलो' हे म्हणून होण्याआधीच ते खोटे ठरते.

आमच्या भागात मोबाइलवर चालणारा 'हिल क्लाइंब रेसिंग' (२०१२) हा खेळ या दोन टोकांच्या मध्ये येतो. त्याचे चित्रण बाळबोध आहे आणि भौतिक नियमांचे पालन यथातथाच. परंतु वेग व रोध यांच्या दोन पट्ट्यांवर तोल सांभाळावा लागतो, आणि इंधन संपते. साधनांची काटकसर असूनही येथे 'गाडी उलटली' हे वाक्य ऐकू येते. म्हणजे गाडीला कर्तेपण देण्यासाठी महाग यंत्रे लागतातच असे नाही. तिने खेळाडूला विरोध करणे मात्र आवश्यक आहे.

या विवेचनाला एक पुरवणी जोडणे भाग आहे. एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात वळणावरील खडीवरून दुचाकीसह घसरला. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. भेटावयास गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, मी नाही घसरलो, गाडी घसरली." पडद्यावर शंभर वेळा 'मी आदळलो' असे हसत म्हणणाऱ्या मुलाने रस्त्यावर कर्ता बदलला होता. जेथे चुकीला किंमत नाही तेथे कर्तेपण घेणे सोपे असते. जेथे ती आहे तेथे ते दुसऱ्याकडे सरकविण्याचा मोह होतो. म्हणून 'गाडी' हा कर्ता नेहमीच जाणिवेची खूण असतो, असे मानता येत नाही. कधी ती पळवाटही असते. वाक्याची रचना तीच राहते. अर्थ प्रसंगावरून ठरवावा लागतो.

तेव्हा तुलनेची कसोटी कोणती? 'मी' आणि 'गाडी' या दोन्ही कर्त्यांचे भान जो खेळ खेळाडूला देतो, तो शर्यतीचा चांगला खेळ, असे म्हणावयास हरकत नाही. झिंग हवी असेल तर 'आउट रन'च्या परंपरेतील खेळ पुरेसे आहेत. घरातील लहानथोरांना एकत्र बसावयाचे असेल तर 'मारिओ कार्ट' योग्य. यंत्राचा स्वभाव जाणावयाचा असेल तर वास्तवानुकारी खेळांना पर्याय नाही. मात्र या सर्वांत एक उणीव समान आहे. त्यांतील वाहन विरोध करते, पण नकार देत नाही. ते थकत नाही, बिचकत नाही, त्याला दुखत नाही. ही उणीव एका दृष्टीने दिलासाही आहे, कारण पडद्यावर कोणाला 'पळावे लागत' नाही.

'चालविणे' हे मूळचे 'चालणे'चे प्रयोजक रूप आहे, हे आपण गाडी चालविताना सहसा विसरतो. त्या विद्यार्थ्याची जखम आता भरली आहे. परवा भेटला तेव्हा त्याने तोच प्रसंग पुन्हा सांगितला, या वेळी म्हणाला, "खडी दिसली होती, सर. माझ्याकडून ब्रेक उशिरा दाबला गेला." तिसऱ्या वाक्यात तो 'मी दाबला'पर्यंत पोचेल, अशी आशा आहे.