हात, आकडे आणि यंत्र

संगणकावर केलेले चित्र हे चित्रच नव्हे, असा सूर आम्हा अंधेरीकर विद्यार्थ्यांच्या गप्पांत हटकून निघतो. अशा वेळी मी अकबर पदमसी (१९२८-२०२०) यांचा दाखला देतो.

जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या पदमसींना १९६९ च्या सुमारास नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी मुंबईत चित्रकार व चित्रपटकारांसाठी एक कार्यशाळा काढली. तेथे १९७० मध्ये ‘सिझिजी’ हा ११ मिनिटांचा मूक, कृष्णधवल चित्रपट तयार झाला. त्यात ना माणूस, ना झाड. केवळ भौमितिक रेषा. रेषा कशा जुळायच्या, हे आकड्यांच्या कोष्टकांवरून ठरे. सुमारे १००० रेखाचित्रे पदमसींनी हाताने काढली आणि राम मोहन यांनी त्यांना पडद्यावर गती दिली. संगणक नव्हता; विचाराची रीत मात्र संगणकाचीच होती! पुढे उतारवयात त्यांनी संगणकावरही चित्रे केली.

पॅरिसमध्ये व्हेरा मोल्नार (१९२४-२०२३) यांनीही १९५९ पासून आधी नियम आखून ते हातानेच पाळले. प्रत्यक्ष संगणक त्यांना १९६८ मध्ये लाभला.

नियम शेकडो आकृत्या देतो. त्यांतली कोणती ठेवायची, कोणती टाकायची, हे मात्र चित्रकाराची नजरच ठरवते; आणि ती नजर हात झिजवल्यावाचून येत नाही. आमच्या पिढीला यंत्र आयते मिळाले आहे. पडद्यावर आकृती उमटली की काम संपले, असे आम्ही मानू लागलो, तर दोष यंत्राचा नव्हे, आमचा असेल.