पृथ्वीचें फिरणें आणि घड्याळाचा सेकंद

शहापूर-मुरबाडकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीनें बारा वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली असल्यामुळें हा फरक पडतो. परंतु ज्या फिरण्यावर ही कालगणना उभी राहिली, तें पृथ्वीचें फिरणेंच एकसारखें नाहीं.

भरती-ओहोटीच्या घर्षणामुळें पृथ्वीचा वेग मंदावतो. दिवस शतकागणिक सरासरीनें सेकंदाच्या सुमारें सहाशेंव्या भागानें वाढतो. शिवाय भूगर्भांतील द्रवाच्या व वाऱ्यांच्या हालचालींनीं तो किंचित् कमीअधिकहि होतो. हा फरक क्षुल्लक खरा. पण तो रोज सांचत जातो. अडीच हजार वर्षांपूर्वींच्या ग्रहणांच्या नोंदी गणिताशीं ताडल्या, तर तफावत चार तासांहून अधिक भरते.

म्हणून १९६७ सालीं सेकंद सीझियमच्या अणूवरून ठरविण्यांत आला. आकाशाशीं मेळ राहावा यासाठीं १९७२ पासून २७ जादा सेकंद घालण्यांत आले. त्यांतील सत्ताविसावा भारतांत १ जानेवारी २०१७ रोजीं पहांटे साडेपांचाच्या ऐन तोंडावर पडला. तें मिनिट ६१ सेकंदांचें झालें.

२०३५ पर्यंत या फरकाची मर्यादा वाढवावी, असें २०२२ सालीं आंतरराष्ट्रीय परिषदेनें ठरविलें. ३७ मिनिटें निमूटपणें सोसणाऱ्या गृहस्थास कांहीं सेकंद जाणवणार नाहींत. ग्रहणाचें गणित करणारास मात्र त्यांचा हिशेब ठेवावाच लागेल.