बैठीं आसनें आणि शरीराची ठेवण

वऱ्हाडांत व्यायामाची आवड नवी नाहीं. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें. १९३६ सालीं त्याचें पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं भारतीय व्यायामाचीं प्रात्यक्षिकें दाखवून आलें. आसनांचा परिचय असलेलीं घरें अमरावती-अकोल्याकडे पुष्कळ आढळतात. उणीव भासते ती तारतम्याची.

दोघे भाऊ पश्चिमोत्तानासन करूं लागले, कीं एकाचे हात अंगठ्यांस सहज पोंचतात, दुसऱ्याचे नडगीपाशींच थांबतात. वडील माणसें दुसऱ्यास आळशी ठरवितात. पण त्याचे पाय लांब व हात आंखूड असतील, तर दोष कोणाचा? त्यानें पावलांभोंवतीं पंचा अडकवून टोकें धरावीं. पाठीस कुबड आणून अंगठे ओढूं नयेत.

पद्मासनाचेंही तसेंच. मांडी फिरते ती जांघेच्या सांध्यांत, आणि त्या सांध्याच्या खोबणीची ठेवण प्रत्येकाची निराळी असते. गुडघा मुख्यत्वें बिजागरीसारखा आहे. जांघ वळेना म्हणून पाऊल बळेंच वर ओढलें, तर पीळ गुडघ्यावर पडतो आणि तो कायमचा दुखावूं शकतो. अशा व्यक्तीनें बैठकीखालीं घोंगडीची जाड घडी घ्यावी, म्हणजे पाठ सरळ राहते. आणि साध्या मांडीवर समाधान मानावें. वज्रासनांत मांड्या जड असल्यास टांचा व बैठक यांमध्यें उशी ठेवावी.

पतंजलींनीं आसनास स्थैर्य आणि सुख या दोनच अटी घातल्या आहेत. म्हणून घरांतील मुलास किंवा सुनेस आसन शिकवितांना गुडघा दुखतो काय, हें आधीं विचारावें. आणि दुखतो म्हटल्यास तें खरें मानावें.