खाते नेमके कोठे उघडावे?

चेन्नईच्या शोळिंगनल्लूर येथील आयटी पार्कमध्ये रुजू झालेल्या मराठी अभियंत्याचे बँकखाते पुण्याच्या शाखेत असले, तरी यूपीआयमुळे त्याचे काही अडत नाही. जर्मनीत २०१६ साली सुरू झालेल्या मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाची रचना काहीशी अशीच आहे : सर्व्हर अनेक, संवाद सामाईक. नोव्हेंबर २०१९ मध्ये, ट्विटरने ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते स्थगित केल्यानंतर, अनेक भारतीय तिकडे वळले. पण कोणता सर्व्हर निवडावा, हा प्रश्न दारातच आडवा आला. बँकांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. येथे पुष्कळ सर्व्हर हौशी मंडळी देणग्यांवर चालवितात. पूर्ण पत्ता ठाऊक नसेल, तर अन्य सर्व्हरवरील मित्र सापडेलच असे नाही. पुढे सर्व्हर बदलल्यास अनुयायी सोबत नेता येतात. जुने लेखन मात्र तेथेच राहते.